बूड टेकलेलं भांडं

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, लोकांच्या भांड्यांवर नावं घातली. सेलूच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानासमोर पोतं अंथरून ते बसायचे. मांडीत तांब्या, एका हातात इवलीशी हातोडी, दुसऱ्या हाताच्या बोटांत छन्नी. ठक ठक करत एकेक टिंब उमटायचं आणि टिंबांची अक्षरं व्हायची. लग्नसराईत त्यांना जेवायलाही उसंत नसे. लोक म्हणायचे, ह्या माणसानं साऱ्या तालुक्याच्या भांड्यांवर नावं घातली, पण कुणाला नावं ठेवली नाहीत. ते खरंच होतं. नावं ठेवायचं खातं घरात माझ्याकडे आहे.

माझ्या लग्नातल्या भांड्यांवरची नावंही त्यांच्याच हातची. सोयरीक जमल्यावर माझे वडील गावाहून भांडी घ्यायला सेलूला आले. व्याह्याला काम सांगायचं कसं, म्हणून नाव घालायला दुसरीकडे निघाले, तर मामांनी त्यांच्या हातातली कळशी ओढून घेतली. सासऱ्यांना मी मामा म्हणते, त्यांची मुलं अण्णा.

"माज्या सुनंच्या भांड्यावर दुसऱ्यानं नाव घालायचं व्हय?"

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही म्हणतात. कळशी, परात, घंगाळ, पार चमच्यांपर्यंत सगळ्यांवर माझं माहेरचं नाव आलं. लग्नात मात्र रिवाजाप्रमाणे नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलं होतं. मामा तिथेच म्हणाले, "मंग त्या भांड्यायचं काय? खोदलेलं पुसत न्हाई." सासूबाई म्हणाल्या, "भांड्याला कोण इचारतंय!" मांडवात सगळे हसले. मीही हसले, नव्या नवरीला दुसरं काय करता येतं?

तेव्हापासून आमच्या भांड्यांवर एका बाईचं नाव आणि रेशनकार्डावर दुसरीचं. शाळेत मी मॅडम, घरात सूनबाई, दिरांची वहिनी, लेकीची आई. पहिल्या नावानं हाक मारणारी माझी आई होती तोवर ते नाव कानावर पडायचं. ती गेल्यावर घंगाळ घासतानाच काय ते दिसायचं.

मामांचे गुडघे मांडी घालूनच गेले. त्या एका बैठकीवर त्यांनी संसार केला, दोन्ही मुलांना शिकवलं आणि सासूबाईंचं आजारपण निभावलं. सासूबाई गेल्यावर त्यांनी बाजारात बसणं सोडलं. तोवर नावं घालायची मशिनंही आली होती. हातोडी-छन्नी फडक्यात गुंडाळून त्यांनी उशाशी ठेवली.

आमचा संडास जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. मामांना बसता यायचं, उठता यायचं नाही. नळाला धरून, भिंतीला रेटा देऊन कसेबसे उठायचे. त्या उन्हाळ्यात एक दिवस नळच हातात आला आणि ते आतच पडले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी घरी होते. नवरा कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत गेलेला. आवाज ऐकून मी धावले. दार आतून लावलेलं, आणि मामा आतून म्हणत होते, "काई न्हाई, काई न्हाई, तू जा."

शेवटी त्यांनी सरपटत कडी काढली. मी त्यांना बगलेत हात घालून उठवलं, धोतर सावरलं, पाय धुतले. ह्या सगळ्या वेळात त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तोंड भिंतीकडे वळवून उभे राहिले. हाड मोडलं नव्हतं, पण दुसरं काहीतरी मोडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते चहा अर्धा ठेवू लागले. दुपारी भाकरी चतकोर. मला वाटलं, उन्हानं भूक गेली. मग एकदा संध्याकाळी त्यांच्या खाटेखालचा तांब्या धुवायला उचलला तर तो काठोकाठ भरलेला. परभणीकडचा मे महिना! ज्या उन्हात कावळा झाडावरून हलत नाही, त्या उन्हात हा म्हातारा दिवसभर पाणी प्यायला नव्हता. पाणी प्यालं की जावं लागणार. गेलं की उठता येणार नाही. उठता आलं नाही की सुनेला हाक मारावी लागणार. एवढा साधा हिशेब होता, आणि तो मला तांब्या हातात घेतल्यावर कळला. मी तिथेच खाटेपाशी बसले. मला इतकं रडू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला, कारण ते त्याच खाटेवर डोळे मिटून पडले होते आणि जागे होते.

नवरा आल्यावर मी चप्पलही काढू दिली नाही. "उद्या परभणीला जायचं, खुर्चीसारखा संडास आणायचा." नवरा म्हणाला, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे पुढची दिवाळी. मी भरलेला तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. सकाळच्या गाडीनं आम्ही परभणीला गेलो.

दुकान थंडगार. हारीनं मांडलेले पांढरेशुभ्र कमोड, एखाद्या कार्यालयात पाहुणे यायच्या आधी खुर्च्या मांडाव्यात तसे. दुकानदार म्हणाला, "बजेटमधले भांडे दाखवू का प्रीमियममधले?"

भांडी! मला हसू आलं. गवंडी, दुकानदार सगळे त्याला भांडंच म्हणतात, हे ठाऊक होतं, पण आमच्या घराला तो शब्द वेगळा लागतो. नवऱ्याच्या कानात मी म्हटलं, "मामांना सांगू, भांडं आणलंय, नाव घाला." तोही हसला. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

पुण्याच्या धाकट्या दिरांनी व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता. नवऱ्यानं मोबाइल एकेका कमोडवरून फिरवायचा आणि तिकडून भाऊजींनी निवाडा द्यायचा. प्रीमियम म्हणजे भिंतीला टांगलेला. खाली पाय नाही, फरशी सलग धुता येते. पाणी सोडायला भिंतीत दोन बटणं, एक थोड्या पाण्याचं, एक जास्त. आणि झाकण असं की सोडून दिलं तरी अलगद, आवाज न करता मिटतं. दुकानदारानं ते तीनदा मिटवून दाखवलं. बजेटमधला साधा, जमिनीवर बसवायचा, मागे प्लॅस्टिकची टाकी, आणि झाकण सोडलं की धाडकन आदळणारं.

"हाच घ्या, वहिनी," भाऊजी मोबाइलमधून म्हणाले. "पैशाचं बघू नका, मी देतो. अण्णांनी आयुष्यभर काय सुख बघितलं? निदान हे तरी चांगलं असू द्या."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लांब असलेल्या लेकराला बापासाठी काहीतरी भारी करावंसं वाटतं, आणि भारी म्हणजे महाग एवढंच हाताशी असतं. मी दुकानदाराला विचारलं, "हा कधी मिळंल?" तो म्हणाला, पांढऱ्यात शिल्लक नाही, मागवावा लागेल, पंधरा-वीस दिवस धरा. शिवाय भिंतीत लोखंडी सांगाडा बसवावा लागतो, भिंत कशाची आहे? आमची संडासाची भिंत चार इंची, तीही फुगलेली. म्हणजे आधी भिंत पाडा, मग बांधा, मग सुकू द्या.

"म्हणजे महिना," मी म्हटलं.

"अगं, एकदाच करायचंय," नवरा म्हणाला.

"महिनाभर मामा पाणी पिणार न्हाईत," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

तरी नवऱ्याचा जीव धाकट्या भावात अडकलेला. त्यानं दोन्हींचे फोटो काढले आणि आम्ही हात हलवत घरी आलो. संध्याकाळी त्यानं फोटो मामांना दाखवले. संडासाबद्दल मामांशी बोलायला तो लाजत होता, म्हणून मोबाइल धरून नुसताच उभा. मामांनी चष्मा पुसला. टांगलेल्याकडे बराच वेळ बघितलं.

"हे भिंतीला लोंबायलंय की रं."

"लय मजबूत असतंय, अण्णा."

"आसंल. पर भांडं म्हंजी त्याचं बूड टेकलेलं पायजे. हे साधंच आणा." मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "आन लौकर आणा."

त्या 'लौकर'नंतर निवडायचं काही उरलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन जमिनीवरचा, बजेटमधला, पण त्यातल्या त्यात उंच बघून घेतला. उंची मी मामांच्या खाटेच्या काठाशी सुतळीनं मापून नेली होती, कारण खाटेवरून ते आपले आपण उठत. सोबत भिंतीला लावायची स्टीलची दांडी घेतली, जाडजूड, हाताच्या मुठीत बसणारी. दांडीत मी काटकसर केली नाही.

रात्री भाऊजींचा फोन आला. "शेवटी स्वस्तातलंच घेतलं ना?" एवढंच बोलले आणि फोन भावाकडे द्या म्हणाले. भांड्याला भांडं लागतंच, म्हणतात. लागलं, आणि आवाज बरेच दिवस घुमत राहिला.

जुना संडास फोडून नवा बसेपर्यंत मामांची सोय आम्ही गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या घरी केली. त्यांच्याकडे कमोड होता. नवरा सकाळी मामांना स्कूटरवर बसवून तिथे न्यायचा. तीन घरांसाठी स्कूटर! मामा जाताना टोपी घालायचे, उपरणं घ्यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मास्तरकडं बसायला चाललोय." गल्लीला सगळं ठाऊक होतं. कुणी हसलं नाही, एवढा गल्लीचा चांगुलपणा.

त्या दिवसांत ती दांडी कागदात गुंडाळून कोनाड्यात पडली होती. एका दुपारी मामा म्हणाले, "दाखव गं ती दांडी, कशी हाय." मी नेऊन दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, बोटानं टिचकी मारून बघितली, जन्माची सवय. मी स्वयंपाकघरात गेले. गवंडी आत फरशा बसवत होता, ठक ठक चाललेली होती, आणि त्या आवाजात मी कुरडयांचा चीक हाटत बसले.

दांडी लावताना गवंडी मला म्हणाला, "बाबा म्हणले ही बाजू भिंतीकडंच पायजे. इकडची तिकडं झाली तर मला पुन्ना काढाय लावणार." म्हातारपणी माणसाला असले हट्ट सुचतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

आणि मग तो दिवस. मामा नव्या संडासात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. मी परसात उगीचच वाळलेले कपडे पुन्हा झटकत उभी राहिले. कान सगळे दाराकडे. बराच वेळ काही नाही. मग पाणी सुटल्याचा आवाज. बटण पहिल्यांदा अडकलं असावं, दुसऱ्यांदा दाबावं लागलं. आणि मग झाकण धाडकन आदळलं.

म्हणजे उठले. आपले आपण उठले.

बाहेर आले, हात धुतले, टोपी सारखी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा टाक. अर्धा नको, भरून दे."

तसा चहा मी जन्मात कुणाला केला नसेल. साखर किती घातली तेही आठवत नाही. त्यांनी तो बशीत ओतून ओतून सगळा पिला, आणि वर तांब्याभर पाणी.

पुढचे महिने ते झाकण आमच्या घराचं घड्याळ झालं. सकाळी धाडकन, दुपारी धाडकन. बटण तसंच अडकत राहिलं, टाकीवर ओरखडे आले, पाहुण्यांसमोर आदळलं की नवऱ्याचा चेहरा पडायचा. मला मात्र तो आवाज हवा असायचा. अलगद मिटणारं झाकण असतं तर मला कळलं नसतं, मामा उठले की तसेच बसून राहिले. प्रत्येक धाडकनला माझ्या छातीतलं काहीतरी खाली बसायचं.

थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला. सेलूत दोन दिवस काढले, मग परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. पुण्याहून भाऊजी आले. त्यांनी स्वतंत्र खोली घ्यायला लावली, भिंतीवर टीव्ही असलेली. त्या खोलीतल्या संडासात तो टांगलेलाच कमोड होता, तस्साच, झाकण अलगद मिटणारं. पण मामांना आता खाटेवरून उठायची परवानगी नव्हती. दवाखान्यातल्या बाई पलंगावरच सगळं करायच्या. मामा तोंड भिंतीकडे वळवायचे. मला ते वळणं ओळखीचं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

एका दुपारी नाकावरची नळी बाजूला करून म्हणाले, "घरी ने मला."

"बरं वाटलं की जायचंच, मामा."

"माजं भांडं हाय तिथं," ते म्हणाले.

भाऊजींना वाटलं, ते ताटवाटीबद्दल बोलायलेत. मी समजावून सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? डॉक्टर सोडत नव्हते आणि आमच्यात कुणाची हिंमत नव्हती. त्यांना आम्ही घरी आणलं ते झाकून.

तेराव्याला आमच्यात नावाची भांडी वाटतात. नवरा आणि भाऊजी बाजारातून स्टीलचे तांबे घेऊन आले. प्रत्येकावर 'कै.' आणि पुढे मामांचं नाव, मशिनवर घातलेलं, सगळी अक्षरं सारख्या उंचीची, गुळगुळीत. ज्यानं हजारो भांड्यांवर हातानं नावं घातली, त्याचं नाव शेवटी मशिननं घातलं. मी ते तांबे पुसून पुसून पाहुण्यांच्या हातात देत होते.

जेवणं उरकत आली तेव्हा भाऊजी संडासात जाऊन आले. आतून धाडकन आवाज झाला आणि बसलेली माणसं दचकली. बाहेर येऊन ते नवऱ्याला म्हणाले, चारचौघांत, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अण्णांसाठी एवढं एक चांगलं घ्यायचं होतं, दादा. मी देत होतो ना? शेवटपर्यंत बिचाऱ्यांना स्वस्तातलंच."

नवऱ्यानं मान खाली घातली. माझ्या जिभेवर तो मे महिन्यातला भरलेला तांब्या आला होता. पण बापाच्या तेराव्याला मुलाला काय बोलणार? मी गिळून टाकलं. बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, तेही मला दिसलं. नोकरी करणारी सून, दोघांचा पगार, आणि सासऱ्याला स्वस्तातलं. परभणीपर्यंत पुरेल एवढी शिदोरी झाली बायकांची.

संध्याकाळी पाहुणे पांगले. भाऊजी पुण्याच्या गाडीला गेले. इतक्या माणसांनी वापरलेला संडास घाण झाला होता. मी आतून कडी लावली आणि घासायला बसले. घासणं कसलं, राग काढणं. फरशी घासली, भांडं घासलं, टाकी घासली. आणि रडत होते. मी त्यांच्यासाठी चांगलं केलं की वाईट, हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि त्याच्या नावाचे तांबे मी सकाळीच वाटून टाकले होते.

मग दांडी. पुढून पुसली, खालून पुसली, आणि भिंतीकडच्या बाजूनं फडकं घालून ओढायला लागले तर फडकं अडकलं. बोट घातलं. बारीक बारीक खळगे लागले, एकापुढे एक. मी पहिलीच्या पोरांना अक्षरावरून बोट फिरवून वाचायला शिकवते. तसंच बोट फिरवलं. पहिलं अक्षर. पुन्हा फिरवलं, खात्री करायला. मग दुसरं. काना हलला होता, बऱ्याच दिवसांनी धरलेली छन्नी. मग तिसरं.

माझं नाव होतं. तांदळात लिहिलेलं नव्हे. कळशीवरचं, घंगाळावरचं.

बरोबर त्या जागी, जिथे उठताना त्यांची बोटं वळून मागे यायची. गवंड्याच्या ठकठकीत त्यांची हातोडी मला वेगळी ऐकू आली नव्हती. त्यांना कधी मला हाक मारावी लागू नये म्हणून मी ती दांडी आणली होती. आणि रोज, दिवसातून तीन-चारदा, आतून कडी लावून, त्यांनी त्याच नावाला धरलं होतं. मी कपाळ त्या गार स्टीलला टेकवून हमसून हमसून रडले. कोण ऐकतंय याची फिकीर केली नाही.

अंधारून यायच्या बेताला मी दांडीला धरून उठले. झाकण सोडलं. ते धाडकन वाजलं.

बाहेर नवरा धावत आला. त्याची पावलं दारापाशी थबकली. हा आवाज घरात कोणाचा, हे त्यालाही ठाऊक होतं.

"कोण हाय आत?" त्यानं विचारलं.

मी त्याला माझं नाव सांगितलं. भांड्यावरचं.